तुल्यबळ जोड

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातील मौजे माळेगाव येथे, मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस खंडोबाची जी यात्रा भरते, तिची ख्याती घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारामुळे व लावणी महोत्सवामुळे महाराष्ट्रभर पसरलेली असली, तरी नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या शौकिनांचा एक वर्ग असा आहे की, जो यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत सर्वप्रथम कुस्त्यांच्या दंगलीचा दिवस पाहतो आणि त्या हिशेबाने घरची कामे मागेपुढे करतो. मी त्या वर्गातला. मल्लविद्येच्या शास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा माझा हक्क नाही. परंतु आखाड्याच्या कडेला बसून जे पाहिले, जाणत्या वस्तादांच्या तोंडून जे ऐकले आणि अलीकडे जपानातील व्यावसायिक कुस्त्यांच्या चित्रफिती पाहताना जे मनात उभे राहिले, त्या सर्वांतून माझे एक मत कायम झाले आहे. कुस्ती मोठी होते ती जोडीने. आणि पडणारा मल्ल ज्या प्रतीचा, त्याच प्रतीची ती कुस्ती.

दंगलीच्या दिवशी दुपार कलली की हलग्या कडाडू लागतात आणि प्रथम येतात ती पोरे. दहाबारा वर्षांची, लंगोटाची गाठ बापाने मारून दिलेली, रेवड्यांवर आणि नारळावर खेळणारी. पुढे इनामाची रक्कम चढत जाते तसतसे मल्लांचे देहही भरत जातात आणि दिवेलागणीच्या सुमारास शेवटची मोठी कुस्ती लागते, हा क्रम आमच्याकडे सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्याला पाहण्याची दृष्टी आहे, तो कुस्तीच्याही आधी तिची जोड कशी लावली जाते ते पाहतो. डोक्याला पटका बांधलेला एखादा वयस्क पंच एका जवानाचे मनगट धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो. त्याचा अर्थ असा की, हा मल्ल अमुक रकमेवर उभा आहे, ज्याची छाती असेल त्याने पुढे यावे. गर्दीतून कोणी उठतो, सदरा काढून सोबत्याच्या हाती देतो. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतो, मानेचा घेर, मांडीचा भरीवपणा, पोटऱ्यांची ठेवण न्याहाळतो, आणि विशेषेकरून कान पाहतो; कारण चुरगळून गड्डा झालेला कान म्हणजे मातीत घालवलेल्या वर्षांचा असा दस्तऐवज आहे की, जो कोणालाही बनावट करता येत नाही. एखाद्याचा देह थोराड, पण कान कोवळे, आणि दुसरा अंगाने उणा, पण कान मोडलेले असे दिसले, तर जाणता पंच क्षणभर थांबतो आणि मगच हातात हात देतो. कधी एखाद्या पोराचा बाप मध्ये पडून जोड नाकारतो. त्यावर हुज्जत होते, लोक ओरडतात, पंच दुसरा हात धरतो. नवख्याला हा सारा वेळ फुकट गेलासा वाटतो. वस्तुतः दंगलीचे यश त्या पाचदहा मिनिटांतच ठरलेले असते. कारण विषम जोडीची कुस्ती ही चीत होण्याआधीच संपलेली असते, मग तिच्यावर इनाम कितीही मोठे लावा.

आमचा मुलूख काळ्या मातीचा. ही माती ज्वारी देते, तूर देते, अलीकडे सोयाबीनही भरघोस देते. पण कुस्तीला ती नाठाळ. ओली झाली की पायाला लगदा होऊन बसते आणि वाळली की तिची ढेकळे अंग सोलून काढतात. म्हणून आखाड्यासाठी तांबडी माती मिळेल तेथून आणावी लागते, चाळावी लागते, तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवावा लागतो, आणि एवढे करूनही वर्षभर ती जिवंत ठेवायची तर रोज कोणीतरी तिच्यात उतरले पाहिजे. त्यात अवर्षण आमच्या पाचवीला पुजलेले. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट देशभर गाजली. पण ज्या घरात पिण्याच्या पाण्याची मारामार, त्या घरातल्या पैलवानाच्या दुधातुपाचे आणि बदामांच्या थंडाईचे काय झाले असेल, याची विचारपूस कोणी केली नाही. दुष्काळी साली यात्रेची वर्गणी आटते, वर्गणी आटली की इनाम उतरते, आणि खुराकाचा खर्च मात्र एका दमडीनेही उतरत नाही. अशा वेळी बाप पोराला तालमीतून काढून कामाला लावतो. त्याला दोष कसा द्यावा?

ज्यांना निघून जाता आले, ते निघून गेले. आणि गेले म्हणूनच मोठे झाले, हे आमच्या भागाच्या कुस्तीचे सर्वांत ठळक सत्य आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्याचे थोर उदाहरण. त्यांनी कोल्हापूरची गंगावेस तालीम गाठली, १९६९ साली महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि दिल्लीच्या सतपालसारख्या पहाडाला अस्मान दाखवल्यावर त्यांचे नाव खेड्यापाड्यांतल्या पारावर पोहोचले. १९६९ ची ती महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातुरातच भरली होती, म्हणजे घरच्या माणसांसमोर गदा उचलण्याचे भाग्य त्यांना लाभले. एरवी आमच्या मल्लांच्या नशिबी हे क्वचित येते. मात्र माझ्या दृष्टीने बिराजदारमामांची खरी थोरवी पुढच्या काळातली आहे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी जी पिढी घडवली, तीत लातूर जिल्ह्यातलेच काका पवार होते. ग्रीको-रोमन प्रकारात देशाचे नाव राखून ते अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि नंतर पुण्यात कात्रजकडे त्यांनी कुस्तीचे मोठे संकुल उभारले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे प्रथम मामांच्या आणि पुढे काकांच्या हाताखाली वाढला. २०१८ साली गोल्ड कोस्टला त्याने राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले, २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. २०११ साली मामा गेले. पण मुदगड, लातूर, पाटोदा अशी ही परंपरेची ओळ पुण्यात चालूच राहिली. मराठवाड्याचे वस्ताद, मराठवाड्याचे शागीर्द, आणि तालीम मात्र मराठवाड्याच्या बाहेर!

या तालमीतूनच आमच्या काळातली एक फार मोलाची जोड निघाली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, ती मातीच्या विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके आणि गादीच्या विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर यांच्यामध्ये. आणि दोघेही काका पवारांचे पठ्ठे. सदगीरने ती कुस्ती तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या गुणांनी जिंकली. आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या शौकिनांना ती रुचली नाही. ना कलाजंग, ना ढाक, ना कोणी उताणा पडला. नुसत्या गुणांवर गदा गेली, ही त्यांची तक्रार. मला ती तक्रार मान्य नाही. ज्या दोघांना एकाच वस्तादाने पट काढायला शिकवले, ज्यांनी एकमेकांच्या अंगावर वर्षानुवर्षे सराव केला, त्यांतल्या एकाचा खांदा हलण्याआधीच दुसऱ्याला पुढचा डाव कळतो. तेथे डाव लागत नाहीत, ही दोघांच्याही विद्येची साक्ष आहे. अशी कुस्ती पाहताना दृष्टी कमरेवर न ठेवता मनगटांवर आणि टाचांवर ठेवावी लागते. पकड बसण्यापूर्वीच ती सोडवली जाते, पाय टाकण्यापूर्वीच जागा बदलते, आणि हा सारा व्यवहार इतका सूक्ष्म असतो की लांब बसलेल्यास काहीच घडत नाही असे वाटते. निकाल लागताच सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. विजेत्याला त्याचे चाहते खांद्यावर घेतात, ही रीत. येथे विजेत्यानेच पराजिताला उचलले. लातूरकरांना त्या दिवशी गदा मिळाली नाही, पण आपला मल्ल कोणत्या प्रतीचा होता याचा दाखला जिंकणाऱ्याच्या हातून मिळाला.

त्यानंतर काही दिवस पारावर कुजबूज चाललीच. एकाच तालमीचे दोन पैलवान, मग कुस्ती खरी कशावरून? नुरा कुस्तीचा, म्हणजे आधीच ठरवून केलेल्या लुटुपुटुच्या कुस्तीचा, संशय आमच्या मातीत जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. यात्रेतल्या मोठ्या इनामाच्या कुस्तीत दोन नामांकित मल्ल बराच वेळ नुसती खडाखडी करीत राहतात, मान धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, आणि शेवटी अंधार पडला म्हणून पंच बरोबरी सांगून इनाम वाटून देतात, हे मीही पाहिले आहे. लोक मातीचे खडे फेकतात, ‘निकाली करा’ म्हणून गलका करतात. आणि त्यांचा संताप रास्त असतो, कारण दूरच्या गावाहून भाकरी बांधून आलेल्या माणसाची ती फसवणूक आहे. पण संशयाचे हे माप प्रत्येक बरोबरीच्या कुस्तीला लावणे अन्यायाचे होईल. तालीमबंधूंच्या बाबतीत तर त्या संशयाचे उत्तर पुढे तीनच वर्षांनी मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत पुन्हा काका पवारांच्याच संकुलातले दोन मल्ल समोरासमोर आले, शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड. आणि राक्षेने गायकवाडला पुरते एक मिनिटही न घेता चीत केले. दोन्ही अंतिम लढतींत मल्ल एकाच वस्तादांचे, आणि दोन्हींचे रूप इतके भिन्न! स्वभाव भिन्न म्हणून कुस्ती भिन्न झाली. तालमीचा त्यात काय दोष?

आता जपानकडे वळतो. कारण नुरा कुस्तीचा प्रश्न मला तेथे घेऊन गेला. जपानातील व्यावसायिक कुस्तीत जय कोणाचा हे आधीच ठरलेले असते, आणि ते पाहणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरीही लाखो लोक तिला मान देतात, तिच्या तारखा पाठ ठेवतात, तिच्यातल्या चांगल्यावाइटाचा काटेकोर निवाडा करतात. हे प्रथम समजले तेव्हा माझ्यासारख्या मातीच्या शौकिनाला ते पटणे कठीण होते. परंतु त्या कुस्तीचा इतिहास पाहिला तर ठरवलेले आणि घडलेले यांच्यातली सीमारेषा तेथे वारंवार पुसली गेल्याचे दिसते, आणि त्या जागाच सर्वांत अर्थपूर्ण आहेत.

तेथील या कुस्तीचा आद्य पुरुष रिकिदोझान. जन्माने कोरियन, आधी सुमो मल्ल. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने आणि जुदोपटू किमुरा मासाहिकोने अमेरिकेहून आलेल्या धिप्पाड शार्प बंधूंशी लढत दिली, तेव्हा युद्धात पराभूत झालेले ते राष्ट्र रस्त्यांवर मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर अक्षरशः लोटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे दोन सहकारी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. कुस्ती बरोबरीत सोडवायचे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. पण मध्येच रिकिदोझानने सारे संकेत झुगारून त्याला असे बडवले की तो बेशुद्ध पडला. जपानी कुस्तीचा पाया या एका विश्वासघाताच्या शेजारी घातला गेला आहे. रिकिदोझानच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, पण ती लढत मी मोठी मानत नाही. कारण ज्याने हात राखला आहे त्याला पाडण्यात पुरुषार्थ कसला?

त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी. या माणसाचे नाव आमच्या भागात फार पूर्वीच पोहोचले होते. निजामी राजवटीत वाढलेल्या आणि उर्दू वृत्तपत्रे वाचणाऱ्या जुन्या पिढीतल्या शौकिनांना गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष यांच्या कुस्त्या तोंडपाठ असत. आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ साली पहिली मोठी कुस्ती झाली ती याच इमामबक्षची, गुलाम मोहिद्दीनबरोबर. या इमामबक्षचा मुलगा अक्रम याच्याशी इनोकीने डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत कुस्ती केली. तिचे स्वरूप काय असावे याविषयी दोन्ही बाजूंच्या समजुतीत मेळ नव्हता. गडी आखाड्यात उतरले आणि ठरवलेले असे काही उरलेच नाही. इनोकीने अक्रमचा हात असा पिळला की तो निकामी झाला आणि कुस्ती थांबवावी लागली. आमच्या वस्तादांच्या पिढीला ही बातमी फार लागली होती. गामाच्या घराण्याचा हात मोडला, याचे दुःख त्यांना सरहद्दीच्या पलीकडचे वाटले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकीने टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्यांची लढत केली होती. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला, अलीला ठोसा मारायला जागाच सापडेना, आणि शेवटी बरोबरी सांगितली गेली. दोघेही आपापल्या विद्येतले धुरंधर. परंतु जोड म्हणून ती लढत शून्य होती. दोन थोर माणसे एकत्र आणली की थोर जोड होते, हा भ्रम संयोजकांना माळेगावात होतो तसा टोकियोतही होतो.

माझ्या लेखी इनोकीचे मोठेपण सिद्ध झाले ते १९७९ साली, लाहोरमध्ये. अक्रमचा पुतण्या झारा, वयाने विशीच्या आतबाहेर, चुलत्याच्या हाताचा हिशेब चुकता करण्यासाठी त्याच्यासमोर उभा राहिला. पाच फेऱ्या झाल्या, कोणी कोणाला पाडू शकले नाही, आणि पंचांनी काही सांगण्याची वाट न पाहता इनोकीने स्वतः झाराचा हात उचलून प्रेक्षकांना दाखवला. ज्या घराण्याचा एक हात त्याने पिळला होता, त्याच घराण्याचा दुसरा हात त्याने हजारो लोकांसमोर उंच केला! आणि हे केवळ त्या क्षणाचे औदार्य नव्हते. अनेक वर्षांनी वार्धक्यात इनोकीने त्या घराण्यातल्या एका मुलाला शिक्षणासाठी जपानला नेले. २०२२ साली इनोकी वारला तेव्हा पुष्कळांना अलीबरोबरची लढत आठवली. मला लाहोर आठवले.

अलीकडच्या जपानी लढतींत ओकादा काझुचिका आणि केनी ओमेगा यांची जोड मी सर्वांत वरची मानतो. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये त्यांची पहिली मोठी लढत झाली, ती सेहेचाळीस मिनिटांहून अधिक चालली आणि ओकादाने जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये ओसाकाला ते पुन्हा भिडले, पुरे साठ मिनिटे लढले आणि बरोबरी झाली. ऑगस्टमध्ये ओमेगाने जिंकली. आणि जून २०१८ मध्ये पुन्हा ओसाकाला, तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या अटीवर आणि वेळेची मर्यादा न घालता, ओमेगाने अजिंक्यपद घेतले. या मालिकेत एक गोष्ट अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. ओकादाचा हुकमी प्रहार असा की, तो प्रतिपक्षाचे मनगट धरून त्याला आपल्यापासून गरगर फिरवतो आणि परत खेचून घेत असताना गळ्यावर बाहू आदळतो. लढत लांबली, दोघेही उभे राहण्याच्या पलीकडे गेले, तोल सुटला, तरी ओकादाच्या बोटांनी मनगट सोडलेले नसते. आणि सारे प्रेक्षागृह त्या बोटांकडे पाहत असते. ज्याने मातीत मनगटांची झोंबाझोंब पाहिली आहे, त्याला त्याचे मर्म कोणी समजावून सांगावे लागत नाही. जय आधी ठरलेला असो वा नसो, दमलेल्या देहाने पकड राखणे हे ठरवून साधत नाही. ते बैठकांनी साधते.

बरोबरीच्या कुस्तीवर एवढा राग असलेला मी ओसाकाच्या त्या साठ मिनिटांच्या बरोबरीला चांगले कसे म्हणतो, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, त्या बरोबरीत कोणी काही राखून ठेवले नव्हते, आणि तिच्यामुळे पुढच्या दोन लढतींची वाट पाहावीशी वाटली. जोड एका दिवसात खपवून टाकायची नसते. ती जतन करायची असते. आमच्या यात्रांत एकदा गाजलेली जोड पुढच्या वर्षी पुन्हा लावावी, तिचा मागचा निकाल पुकाऱ्याने सांगावा, लोकांनी वर्षभर तिच्यावर बोलावे, असे घडत नाही. दर साली नवी नावे, नवे आकडे, आणि मागचे सारे विस्मृतीत.

जपानी कुस्तीची एक बाजू मात्र मला निषिद्ध वाटते, आणि ती न सांगितली तर माझे मत अप्रामाणिक ठरेल. १९९० नंतरच्या काळात तेथे प्रतिपक्षाला डोक्यावर आणि मानेवर आपटण्याची चढाओढ लागली. मिसावा मित्सुहारू आणि कोबाशी केंता यांच्या लढतींचे गोडवे जगभर गायले जातात, आणि त्या दोघांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. पण जून २००९ मध्ये हिरोशिमाच्या आखाड्यात मिसावा पाठीवर पडला तो पुन्हा उठलाच नाही. वर्षानुवर्षे मान सोसत राहिली आणि एके दिवशी ती थकली. आमच्या मातीत चीत म्हणजे पाठ टेकवणे; जो पाडतो तो पडणाऱ्याचा भार अखेरपर्यंत आपल्या हातात ठेवतो. धोबीपछाडीतदेखील चांगला मल्ल हात सोडून देत नाही. प्रेक्षकांच्या आरोळीसाठी सोबत्याची मान पणाला लावणे ही मल्लविद्या नव्हे.

त्या देशाच्या तालमी मात्र मला आपल्याशा वाटतात. तेथील नवशिके कोवळ्या वयात घर सोडून दोजोत राहायला येतात. झाडलोट, धुणी, वडीलधाऱ्या मल्लांचा स्वयंपाक त्यांच्याकडे असतो, आणि नावारूपाला येईपर्यंत साधा काळा जांग्या घालून मोजक्याच डावांनी खेळण्याची त्यांना सक्त ताकीद असते. शेकडो बैठका हा तेथला नित्यक्रम. आणि त्या बैठका आपल्याकडच्या. जपानी लोक ज्याला कुस्तीचा देव म्हणत, तो युरोपीय मल्ल कार्ल गॉच हिंदुस्थानी पद्धतीच्या जोर, बैठका आणि मुद्गलांचा कट्टर पुरस्कर्ता होता, आणि इनोकी त्याचा शागीर्द. ज्या बैठका आमच्या गावच्या ओस पडलेल्या तालमीत आज कोणी मारीत नाही, त्या टोकियोत पहाटे मारल्या जातात, याचे समाधान मानावे की दुःख, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

आणि खऱ्या कुस्तीतही जपानने आमच्या एका मल्लाची उंची जगाला दाखवली आहे. १९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले; वरचे पदक हुकले, ते त्यांना जपानच्या इशी शोहाचीने हरवल्यामुळे आणि लगोलग सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी, पुरेशी विश्रांती न मिळता, लढावे लागल्यामुळे. इशी हा मुळात जुदोकडून कुस्तीत आलेला. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचे. खाशाबांना पाडणारा माणूस या तोलाचा होता, हे आपण सांगत नाही. अन्यायाची हकीकत तेवढी सांगतो. माझ्या मते दोन्ही सांगाव्यात, कारण इशीचे मोठेपण खाशाबांच्या पदकाला झळाळी देते.

आता नांदेडची गोष्ट. वर ज्या शिवराज राक्षेचा उल्लेख केला, तो २०२३ च्या पुण्याच्या स्पर्धेत उतरला होता नांदेडच्या नावावर. वर्तमानपत्रांनी ‘नांदेडचा राक्षे महाराष्ट्र केसरी’ असे छापले आणि आमच्या शहराने आनंद मानला. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवच्या स्पर्धेत सदगीरला नमवून त्याने पुन्हा गदा घेतली. परंतु राक्षे हा राजगुरुनगरकडचा. जिल्ह्याच्या चाचणीत जागा मिळावी म्हणून मल्लाने दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणे हे आज सर्रास चालते आणि ते नियमबाह्य नाही. त्याच्यावर माझा रोष नाही. उलट नांदेडचे नाव त्याने मानाने मिरवले. माझी खंत वेगळी आहे. लातूर आपली माणसे बाहेर देते आणि नांदेड आपले नाव बाहेर देते. दोन्ही जिल्ह्यांच्या मातीत मात्र पहाटे उतरणारी पोरे दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला राक्षे पुन्हा नांदेडकडून उतरला, आणि गादीच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी त्याची पाठ टेकल्याचा निर्णय दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षेचे म्हणणे. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे मोहोळने महेंद्र गायकवाडवर मात करून गदा घेतली. त्या लढतीतही गायकवाड गुणावरून चिडून आखाडा सोडून गेला, आणि राक्षे व गायकवाड दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. नांदेडच्या नावाने खेळणाऱ्याच्या हातून हे घडले म्हणून मी त्याची वकिली करणार नाही. पंचावर पाय उचलणे हा अपराध आहे, आणि शिक्षा रास्त आहे. परंतु एवढ्या मोठ्या स्पर्धेत वादग्रस्त चीतपटीचे चित्रण दोन्ही बाजूंच्या वस्तादांसमोर तेथल्या तेथे पुन्हा पाहण्याचा दंडक नसावा, हीही तितकीच मोठी उणीव आहे. आणि ती दूर करणे संघटनांच्या हाती आहे. त्या दिवशी मोहोळच्या विजयालाही विनाकारण डाग लागला. तो चांगला मल्ल आहे; त्याला निर्विवाद जय मिळायला हवा होता.

माळेगावच्या दंगलीसाठी माझी मागणी फार थोडी आहे. शेवटची मोठी कुस्ती बाहेरच्या नामांकितांची खुशाल लावावी. पण तिच्या आधीची एक कुस्ती, चांगल्या इनामाची, दर साली नांदेड जिल्ह्याच्या एका आणि लातूर जिल्ह्याच्या एका मल्लाची असावी. दोघेही याच मातीत वाढलेले, याच मातीत सराव करणारे, आणि वजन, वय, कान पाहून जाणत्या पंचांनी निवडलेले. ती निकाली व्हावी. न झाल्यास इनाम वाटून न देता पुढच्या यात्रेपर्यंत राखून ठेवावे आणि तीच जोड पुन्हा लावावी. दोघांच्याही गावांची आणि वस्तादांची नावे पुकाऱ्याने आधी घ्यावीत. पहिल्या वर्षी कदाचित जोड साधणार नाही, एक बाजू हलकी पडेल. तशी ती पडली तर ज्या जिल्ह्याची बाजू हलकी, त्या जिल्ह्यातल्या लोकांनी वर्षभरात आपली तालीम झाडून काढावी आणि तांबड्या मातीची गाडी आणून टाकावी.